चार वर्षांचा रॉटवायलर घरी आणताना

बाजी आमच्याकडे आला तेव्हा चार वर्षांचा होता. वजन ५२ किलो, माझ्याहून जेमतेम चार किलोंनी कमी. माझा मावसभाऊ नोकरीसाठी परदेशी निघाला होता आणि तिथल्या राहण्याच्या जागेत एवढ्या कुत्र्याची सोय होणार नव्हती. आधी "आम्ही सांभाळू की" म्हणालेल्यांनी प्रत्यक्ष वेळ आल्यावर एकेक करून काढता पाय घेतला. पिल्लू कसं वाढवावं याबद्दल वाचायला रग्गड मिळतं. पण पूर्ण वाढलेला, आपली माणसं कोण हे पक्कं ठरवून बसलेला राखणीचा कुत्रा दुसऱ्या घरात कसा रुजवायचा, यावर मला फारसं काही सापडलं नव्हतं. आम्ही जे केलं आणि त्यातलं जे लागू पडलं, ते इथे मांडते.

त्याला आणायच्या आधी आम्ही भावाकडे जाऊन-येऊन होतो. पहिली भेट मात्र घरात नव्हे, रस्त्यावर. हे भावाचंच म्हणणं. "ताई, फाटकाशी भेटलीस तर तू परकी. रस्त्यावर भेटलीस तर नुसती एक बाई." तो बाजीला घेऊन चालत होता आणि मी बरंच अंतर ठेवून त्याच दिशेने. हळूहळू अंतर कमी केलं. हाक मारायची नाही, हात पुढे करायचा नाही, डोळ्यांत बघायचं नाही. बऱ्याच वेळाने बाजी आपणहून आला, माझ्या पायांचा वास घेतला आणि पुढे निघून गेला. भाऊ म्हणाला, "झालं. आजचं काम संपलं." पुढच्या भेटींमध्ये तो टेकायला लागला. रॉटवायलर पाळणाऱ्यांना हे टेकणं चांगलंच माहीत असतं. शेजारी येऊन उभा राहतो आणि सगळा भार आपल्या मांडीवर टाकतो. तोल गेला तर आपण सरकतो, तो सरकत नाही.

निघताना भावाने एक वही दिली. त्यात खाण्याचं प्रमाण, लशींच्या तारखा, बाजीला कळणारे शब्द (बस, थांब, सोड, जागेवर) आणि त्याला न खपणाऱ्या गोष्टींची यादी होती. हेल्मेट घातलेली माणसं, समोर अचानक उघडलेली छत्री, मागून पळत येणारी पावलं, नखं कापणं. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'गुरगुरला तर ओरडायचं नाही.' दुसऱ्याचा मोठा कुत्रा घेणाऱ्याने अशी वही हट्टाने मागून घ्यावी. वंशावळीच्या कागदापेक्षा ती कितीतरी उपयोगाची.

या जातीचा इतिहास मी नुसत्या कुतूहलापोटी वाचायला घेतला आणि बाजीच्या निम्म्या सवयींचा उलगडा तिथेच झाला. रॉटवाइल हे नैऋत्य जर्मनीतलं गाव, मूळचं रोमन वसाहतीचं. रोमन सैन्याबरोबर गुरं हाकत आलेल्या कुत्र्यांचे हे वंशज, असं परंपरेने मानतात. पुढे तिथल्या खाटकांनी आणि गुरांच्या व्यापाऱ्यांनी हे कुत्रे पाळले. गुरं बाजारापर्यंत वळत न्यायची, मांसाची गाडी ओढायची आणि मालाची, मालकाची राखण करायची, ही त्यांची कामं. रेल्वे आली, गुरं रस्त्याने हाकणं थांबलं आणि कुत्र्यांचं कामच गेलं. जात जवळजवळ संपायला आली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलिसांनी तिला हाताशी धरलं, १९१०च्या सुमारास पोलिसी कुत्रा म्हणून मान्यता मिळाली आणि १९२१मध्ये जर्मनीतला आजचा रॉटवायलर क्लब उभा राहिला.

म्हणजे हा मुळात गुरं वळणारा कुत्रा. माझा मुलगा आवारात पळायला लागला की बाजी त्याला आडवा जायचा आणि कमरेने रेटत भिंतीकडे न्यायचा. सासूबाई ओरडायच्या, "अगं, पोराला पाडतोय तो!" पाडत नव्हता, वळत होता. आडमुठ्या बैलासमोर चालणारी ती रीत बारा वर्षांच्या पोराला झेपणारी नाही, हे मात्र खरं. म्हणून दोन नियम केले. बाजी मोकळा असताना पळापळीचे खेळ बंद, आणि त्याने रेटलंच तर मुलाने जागच्या जागी, हात छातीशी घेऊन उभं राहायचं. हलणारं काही उरलं नाही की बाजीचा त्यातला रस संपतो.

आणल्यावर सुरुवातीचे आठवडे आम्ही त्याच्याकडे काहीच मागितलं नाही. एक कोपरा, भावाकडून आलेली त्याची सतरंजी, खोलीच्या दाराला आडवं लावलेलं बुटकं फाटक, फिरायच्या आणि खायच्या ठरलेल्या वेळा. पाहुणे नाहीत, आंघोळ नाही, नवीन रस्ते नाहीत. तो अर्धंच खायचा आणि दाराकडे तोंड करून पडून राहायचा. भुंकला तर नाहीच. शेजारी म्हणायला लागले, "अहो, किती गरीब आहे हा! उगाच बदनाम करतात." मी मान डोलवायची आणि फाटकाला दुसरी कडी लावायची. आम्ही मदतीला घेतलेल्या ट्रेनरने आधीच सांगून ठेवलं होतं की राखणीचा कुत्रा परक्या जागेत शांत असतो, कारण तिथे राखण्यासारखं त्याचं काही नसतं. लोक नेमके याच काळात निर्धास्त होतात आणि सगळ्या नातेवाइकांना बोलावून घेतात.

एका दुपारी पार्सल घेऊन एक मुलगा फाटकाशी आला आणि बाजी उठला. धावला नाही. चालत जाऊन माझ्या आणि फाटकाच्या मध्ये उभा राहिला. मान ताठ, तोंड मिटलेलं, शेपटी स्थिर. एकदाच, अगदी खोलातून भुंकला. त्या मुलाने पार्सल भिंतीवर ठेवलं आणि सहीसुद्धा न घेता गेला.

मोठा कुत्रा घेणारे विचारतात, याला राखण करायला कसं शिकवायचं? शिकवावं लागत नाही. या जाती मनाने उशिरा पिकतात. दोन-तीन वर्षांच्या होईपर्यंत कुणालाही चाटणारं पिल्लू एक दिवस आपोआप राखायला लागतं. शिकवावं लागतं ते राखण कुठे थांबवायची. बाजीने खबर द्यावी आणि पुढचं आम्ही बघावं, एवढीच कामाची वाटणी मला त्याच्या डोक्यात बसवायची होती. वाटणी करायची म्हणजे आपला वाटा आपण उचलायला हवा. तो भुंकला की मी हातातलं काम टाकून उठायची. तो बघतोय तिकडे खरंच बघायची. शांतपणे "बघितलं" म्हणायची आणि त्याच्या सतरंजीकडे चालत जायची. तो मागोमाग आला की तिथे खाऊ. आतूनच "गप रे!" म्हणून ओरडण्याचा उपयोग शून्य, कारण त्याच्या लेखी आपणही भुंकायला लागलेलो असतो. आणि खबरीकडे कुणी लक्षच दिलं नाही तर तो निकाल स्वतः लावायला जातो, धोका असतो तो तिथे. स्वयंपाक करताना, फोनवर बोलताना, अर्ध्या झोपेत हे करत राहणं कंटाळवाणं आहे, यात शंका नाही. काही महिन्यांनी तो दोनदा भुंकून माझ्याकडे वळून बघायला लागला. त्या वळून बघण्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

पाहुण्यांचं तंत्र वेगळं. सगळ्यांनी लाड केले की कुत्रा माणसाळतो, हे ऐकायला बरं वाटतं, पण राखणीच्या जातीने परक्यांवर प्रेम करावं ही अपेक्षाच अवाजवी आहे. त्याने दुर्लक्ष करावं, इतकंच पुरे. आमच्याकडे पाहुणे येतात तेव्हा बाजी फाटकाआड, चघळायला काहीतरी घेऊन. ते बसले, गप्पा लागल्या, त्याचा श्वास संथ झाला की पट्टा लावून बाहेर. त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. थोड्या वेळाने पुन्हा आत. सगळ्यात नाजूक क्षण येण्याचा नसतो, उठण्याचा असतो. तासभर सोफ्यावर बसलेला माणूस एकदम उभा राहिला, हात वर करून आळस दिला किंवा निघताना मला मिठी मारली, की कुत्र्याच्या दृष्टीने तो नवाच माणूस. म्हणून आमचे नेहमीचे पाहुणे आता उठायच्या आधी मला सांगतात. नळ दुरुस्त करायला किंवा मीटर बघायला येणाऱ्यांशी आम्ही त्याची ओळखच करून देत नाही. बंद खोली, बंद दार, काम झाल्यावर बाहेर.

आता गुरगुरण्याबद्दल, कारण त्यातच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. कान खाजवले की बाजी घशातल्या घशात घुर्र-घुर्र करतो. या जातीत हा आवाज बऱ्याच जणांना असतो आणि तो निव्वळ सुखाचा. खरं गुरगुरणं कानाला जवळपास तसंच. ट्रेनरने फोनवर चित्रण करून ते आवाज बंद करून बघायला सांगितलं. हा सल्ला फार कामाचा निघाला. कान फसतो, शरीर फसवत नाही. सुखात असतो तेव्हा डोळे अर्धवट मिटलेले, तोंड सैल, भार आपल्यावर. इशारा असतो तेव्हा सगळं एकदम थिजतं. चघळणं थांबतं, तोंड मिटतं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतो आणि आवाज त्यानंतर येतो. यात घरात सगळ्यात तरबेज झाल्या त्या सासूबाई. भीतीपोटी त्या त्याच्यापासून लांब खुर्ची टाकून बसायच्या आणि दिवसभर त्याच्यावर नजर ठेवायच्या. परिणामी आम्हा सगळ्यांच्या आधी त्यांना कळायचं. "सून, त्याला आत घे, त्याचं तोंड मिटलं," असं त्या भाजी निवडता निवडता सांगायच्या.

एका संध्याकाळी बाजी सोफ्यावर झोपला होता. माझ्या नवऱ्याने उठवायला म्हणून त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला हात घातला आणि बाजी गुरगुरला. ते सुखाचं नव्हतं. नवऱ्याने हात काढून घेतला, लांब जाऊन हाक मारली, खाऊ दाखवला. बाजी उतरला, पण मागचा पाय टेकताना क्षणभर अडखळला. ते बघितलं नसतं तर 'सोफ्यावर हक्क सांगतो' असा शिक्का मारून आम्ही मोकळे झालो असतो. क्ष-किरण तपासणीत खुब्याच्या दोन्ही सांध्यांमध्ये दोष निघाला. सांध्याची खोबण उथळ, त्यामुळे हाडाचं डोकं सैल बसलेलं आणि भोवती संधिवाताची सुरुवात. मोठ्या जातींमध्ये हे सर्रास आढळतं आणि बऱ्याच अंशी आनुवंशिक असतं. पिल्लू घेताना आई-बापांच्या खुब्यांच्या आणि कोपरांच्या तपासणीचे अहवाल मागायचे ते यासाठी. त्याला हलवलं की दुखत होतं, आणि ते सांगायला त्याच्याकडे दुसरी भाषा नव्हती. गुरगुरण्याबद्दल शिक्षा केली तर दुखणं तसंच राहतं, फक्त इशारा जातो. मग लोक म्हणतात, 'काही न सांगता चावला.'

हे मी फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांना सांगितलं तर त्यांनी मलाच समजावलं. "त्याला उलटा पाडून मान धरा, टोळीचा म्होरक्या कोण ते कळू दे." ५२ किलोंच्या दुखणाईत कुत्र्याला उलटा पाडायला निघालेल्या माणसाचा विमा उतरवलेला असावा. या समजुतीचं मूळ १९४७ साली प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडवाड्यातल्या लांडग्यांवर केलेल्या अभ्यासापर्यंत जातं. एकमेकांना अनोळखी असलेले लांडगे एका जागेत कोंडले की ते भांडणारच. मोकळ्या रानातली टोळी म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ साली सविस्तर मांडलं, आणि म्होरक्याची कल्पना लोकप्रिय होण्यात आधी त्यांचाच हातभार लागला होता. कुत्रा तर लांडगाही नाही.

औषधं सुरू झाली. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला कधीही देऊ नयेत. आयबुप्रोफेनने त्यांची जठरं आणि मूत्रपिंडं खराब होतात. पण डॉक्टरांनी गोळ्यांपेक्षा जास्त भर दिला तो वजनावर. लोकांना राखणीचा कुत्रा आडवा भरलेला आवडतो. जातीच्या मानकानुसार नर खांद्यापाशी ६१ ते ६८ सेंटिमीटर आणि सुमारे ५० किलो. बाजीच्या बेताच्या उंचीला ५२ जास्तच होते. तराजूपेक्षा हात बरा. फासळ्यांवरून हलका हात फिरवला की त्या बोटांना लागल्या पाहिजेत, आणि वरून बघताना कंबर दिसली पाहिजे. ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर जन्मभर चाललेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात, भावंडांपेक्षा पाव हिश्शाने कमी खाणारे कुत्रे सुमारे पावणेदोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचा संधिवातही उशिरा सुरू झाला. रॉटवायलर आधीच आठ-दहा वर्षांचा सोबती, त्यामुळे हा हिशोब मला फार मोलाचा वाटला. बाजी आता ४६ वर आहे. बघणारे म्हणतात, वाळला. पायऱ्या मात्र तो विचार न करता चढतो.

दवाखान्यात न्यायचं म्हणून मुसकं लावायची सवय केली. जाळीचं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणीही पिता येतं. तोंड आवळून बांधणारी कापडी पट्टी क्षणभराच्या कामापुरतीच, कारण कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः तोंडानेच. जाळीच्या आत खाऊ लावून ती त्याच्यासमोर धरायची. तोंड घालायचं की नाही, ते त्याचं तो ठरवणार. कित्येक दिवस मुसक्याचा बंद लावलाच नाही. आता मुसकं हातात घेतलं की तो स्वतःच नाक घालतो. रस्त्यावरच्या लोकांना मात्र ते बघून वाटतं की हा चावरा. वाटू दे, तेवढेच लांबून जातात.

पोटाची एक गोष्ट मोठा कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ हवी. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं जठर फुगून स्वतःभोवती पीळ खाऊ शकतं. पोट तट्ट, सारखे उलटीचे उमाळे पण बाहेर काहीच नाही, लाळ, अस्वस्थ येरझाऱ्या, असं दिसलं की घरगुती उपाय करत बसायचं नाही. काही तासांत जीव जातो आणि उपाय शस्त्रक्रियाच. आम्ही एकाऐवजी दोन वेळा जेवण देतो, भराभर गिळू नये म्हणून अडथळ्यांचं ताट वापरतो, आणि जेवणाच्या आगेमागे पळवत नाही. जठर पोटाच्या भिंतीला टाक्यांनी अडकवून ठेवण्याची प्रतिबंधक शस्त्रक्रियाही असते. भूल द्यायचीच वेळ आली तर तेव्हा तीही करून घ्यायची, असं ठरलं आहे.

बाकी देखभाल फार अवघड नाही. काळा रंग आणि दुहेरी केस, त्यामुळे उन्हात नेत नाही. धाप थांबेना आणि चाल लडखडली तर आधी अंगावर भरपूर पाणी, वारा आणि मग दवाखाना. आठवड्यातून एकदा-दोनदा ब्रश, कान पुसणं, आणि नखं एका वेळी एकच, कारण वही. फिरण्यात वेगापेक्षा हुंगण्याला वेळ देतो. अर्धा तास मनसोक्त वास घेऊन आलेला बाजी तासभर पळून आलेल्या बाजीपेक्षा जास्त गाढ झोपतो. पाय अचानक उचलून धरला किंवा एखाद्या हाडावर टणक सूज आली तर वाट न बघता दाखवायचं, कारण या जातीत हाडांचा कर्करोग बराच आढळतो.

ज्याचा कुणी आधी विचार करत नाही ती अडचण म्हणजे गावाला जाणं. लॅब्राडॉरची किल्ली शेजाऱ्याला देता येते, रॉटवायलरची नाही. आपण नसताना दार उघडणारा माणूस, मग तो कितीही ओळखीचा असो, बाजीच्या हिशोबात परका. कुत्रे ठेवून घेणाऱ्या दोन ठिकाणांनी जात ऐकूनच नकार दिला. शेवटी ट्रेनरच्या हाताखाली काम करणाऱ्या एका मुलीला आम्ही तयार केलं. आधी रस्त्यावर भेटी, मग फाटकाबाहेरून, मग आम्ही घरात असताना तिने जेवण द्यायचं, मग आम्ही तासाभरासाठी बाहेर. यात बरेच महिने गेले. आता ती आली की बाजी तिला टेकतो, आणि ती भिंतीला पाठ लावूनच उभी राहते. लग्नकार्याची आमंत्रणं आली की आम्ही आधी तिची तारीख विचारतो आणि मगच यजमानांना कळवतो.